लेथ मशीनचे पोहे

इंदोरात पोहे कोण खात नाही? पण आमच्या कारखान्यात एक लेथ मशीन पोहे खायचं. ही गोष्ट मुंबईपर्यंत पोचली ती माझ्या कॉम्प्युटरमुळे.

मी तेव्हा सांवेर रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात अकाउंट्सला होते. बाबांची कपडा मिल बंद पडली होती. मिलमधला हेड क्लार्क माणूस, आता सुदामा नगरात दोन खोल्यांत बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायचा. मी भंवरकुआंला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि नोकरीला चिकटले. बाबांच्याच मिलमधले एक फिटर आमच्याकडे मशीनच्या दुरुस्तीला होते. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणायचे. मिल गेल्यावर त्यांनी कित्येक वर्षं हातगाडीवर भुट्टे भाजले होते. पन्नाशी उलटल्यावर कुठे ही नोकरी लागली होती. ही गेली असती, तर परत हातगाडीच होती.

आणि आमच्या मॅडम! अकाउंट्सच्या हेड. होळकरी दरबारात कारकुनी केलेल्या घराण्यातल्या, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज असा की सेल्सची पोरं त्यांच्या टेबलापाशी आली की शर्ट खोचायची. ऑफिसात दुसऱ्याच्या हातचं काही खायच्या नाहीत. पेढासुद्धा पर्समध्ये ठेवायच्या. "घरी जाऊन खाईन" म्हणायच्या, आणि आम्हाला पक्कं माहीत होतं की तो शेजारच्या मुलांना मिळतो.

बाजार खुला झाला, तसा आमचा कारखानाही मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने घेतला. नवे मालक, नवे नियम. मशीनचा साधा पट्टा घ्यायचा तरी तीन सह्या, त्यातली एक मुंबईची. आता सांगा, इकडे गव्हाच्या पेरणीचे दिवस, शेतकरी पंपासाठी दारात उभे, आणि लेथ मशीन मुंबईच्या सहीची वाट बघत बंद! कोणाला परवडणार भिया?

मग मॅडमनी वाट काढली. चहा-नाश्त्याचा खर्च त्या एकट्याच्या सहीने पास करू शकत होत्या. मिस्त्रीजी स्कूटरवर सियागंजच्या बाजारात जायचे, बेअरिंग नाहीतर पट्टा घेऊन यायचे, जेवणाच्या सुट्टीआधी मशीन चालू. व्हाउचरवर मात्र लिहायचं 'चहा-नाश्ता', आणि इंदोरात नाश्ता म्हणजे पोहेच. एकच अट होती, मॅडमची स्वतःची. कोपऱ्यात मशीनचा नंबर लिहायचाच. "नाव खोटं लिहून राहिलो आपण," त्या म्हणायच्या, "नंबर तरी खरा लिहा." मॅनेजरपासून चपराशापर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

पुढे कंपनीने दोन सॉफ्टवेअर पाठवली. एक उत्पादनाचं: कोणते पंप कधी करायचे, त्यासाठी कोणतं सामान, कोणत्या मशीनवर. दुसरं खर्चाचं: प्रवास, कुरिअर, चहापाणी, ज्याने खर्च केला त्याने त्यात नोंदवायचं. दोन्ही एकाच ऑफिसात, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. मग हुकूम आला की दोन्ही जोडा, म्हणजे एक पंप करायला खरा खर्च किती येतो ते कळेल. जोडायचं काम माझ्याकडे आलं. काय तोरा होता माझा तेव्हा, विचारू नका!

जुनी व्हाउचरं भरताना मी अडले. मॅडमना विचारलं, "चहा-नाश्तापण मशीनला जोडू?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नंबर लिहिलाय नं?"

"हो."

"मग जोड. सगळं जोड."

मी जोडलं. महिनाअखेरीला रिपोर्ट मुंबईला गेला आणि आठवड्याच्या आत तिकडून एक साहेब येऊन बसले. मराठीच होते, शुद्ध, घासूनपुसून ठेवल्यासारखं बोलणारे. मीटिंगमध्ये त्यांनी रिपोर्ट टेबलावर आपटला. "तुमचं लेथ मशीन पोहे खातं का हो? की तुमचा मिस्त्री?"

सगळे हसले. मीपण हसले, का खोटं बोलू. पण साहेब हसत नव्हते. प्रत्येक व्हाउचरवर पैसे घेणाऱ्याची सही मिस्त्रीजींची होती. साहेब म्हणाले, हा माणूस कंपनीला लुटतोय, उद्यापासून नको. मी मॅनेजरकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. मिस्त्रीजी दाराशी उभे होते. त्यांनी फक्त टोपी काढून हातात घेतली. हा माणूस आज घरी जाऊन काय सांगेल?

तेवढ्यात मॅडम उठल्या. रिटायरमेंट तोंडावर आली होती त्यांची. गप्प बसल्या असत्या तर कोणी बोट दाखवलं नसतं.

"पोहे मी लिहायला लावले," त्या म्हणाल्या. "त्यांनी माझ्या सांगण्यावरून सही केली. चला, दाखवते."

साहेबांना घेऊन त्या थेट वर्कशॉपमध्ये गेल्या. पाठोपाठ आम्ही सगळे. लेथ मशीनपाशी मिस्त्रीजींना म्हणाल्या, "खोला." त्यांनी झाकण खोललं. आत नवा पट्टा, नवी बेअरिंगं, तेलाने चकाकत. मॅडमनी बोटाने एकेक दाखवलं. "हे बघा साहेब, आमचे पोहे. हे नसते तर पेरणीत तुमचा एक पंप बाहेर गेला नसता. ज्याला काढायचं त्याला काढा, पण ते खोटं नाव माझं आहे."

साहेब बराच वेळ वाकून बघत राहिले. मिस्त्रीजींच्या नोकरीला हात लावला नाही. तातडीच्या दुरुस्तीसाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळं खातं उघडायला त्यांनीच मला सांगितलं. मॅडमना मात्र ठपक्याचं पत्र मिळालं आणि त्यांचा सहीचा अधिकार काढून घेतला. ज्या बाईच्या सहीवर कारखाना चालायचा, त्या शेवटचे महिने व्हाउचरं नुसती तपासून पुढे सरकवत होत्या. मला रडू यायचं. त्या मला झापायच्या, "काम कर!" शाबास बाई, असं मनात म्हणत मी काम करायची.

घरी बाबांना हे सांगितलं, तर त्यांनी पेपर खाली ठेवला. "आमच्या मिलमध्ये काढायच्या लोकांची यादी वाचली नं, तेव्हा एकजण नाही उठला गं," ते म्हणाले. "मीपण नाही." मग पेपर परत उचलला, पण पान काही उलटलं नाही.

मॅडमच्या शेवटच्या दिवशी हारतुरे, भाषणं सगळं झालं. मग मिस्त्रीजी एक डबा घेऊन आले. "बाईजी, घर से लाया हूँ," एवढंच म्हणाले. डब्यात पोहे होते, वरून शेव आणि बारीक कांदा. आम्ही सगळे मॅडमच्या पर्सकडे बघत राहिलो. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, चमचा मागितला आणि तिथेच, सगळ्यांसमोर, डबा संपेपर्यंत खाल्ले.