कनवटीची चावी

वाशीत सिडकोच्या इमारती नव्या होत्या, तेव्हाची गोष्ट. रखमाच्या कनवटीला तेव्हा पाच-सहा घरांच्या चाव्या असत. नवरा-बायको दोघंही सकाळी मुंबईच्या बसला पळायचे आणि मागं घर रखमाचं. ती तुर्भ्याच्या झोपडपट्टीतून चालत यायची, एकेक दार उघडायची, भांडी-लादी करायची, दूध तापवून ठेवायची आणि दार ओढून पुढच्या घरी जायची. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडचं गाव सोडून आलेली बाई. नवरा बाजीराव दगडखाणीत कामाला. तो चेष्टा करायचा, "लई मोठी मालकीण झालीस गं!" आणि रखमा गालातल्या गालात हसायची. का हसू नये? गावात जिला कुणी उंबरा ओलांडू दिला नव्हता, तिच्या कमरेला आता लोकांची घरं होती.

तिचा सगळ्यात जास्त जीव होता सुधीर-नंदिनीच्या घरी, म्हणजे खरं तर सुधीरच्या आईवर, माईंवर. सुरुवातीला माईंनी रखमाचा कप वेगळा ठेवला होता, खोटं कशाला बोला! पण माईंचे गुडघे धरले, दिवसभर घरात दुसरं माणूस नाही आणि बोलल्याशिवाय तर माईंना अन्न पचायचं नाही. तो वेगळा कप पुढं कुठं गेला, ते दोघींनाही कळलं नाही. रखमा दार उघडून आत आली की माई पलंगावरूनच हाक मारायच्या, "आलीस का गं भवाने? चहा टाक." मग दोघी बसून अख्ख्या सेक्टरची उणीदुणी काढायच्या.

अशात तो सिनेमा आला. त्याचं नाव घ्यायची माझी इच्छा नाही. एका बंगल्यात एकामागून एक खून पडतात, इन्स्पेक्टर हैराण होतो आणि शेवटी खुनी कोण, तर घरची मोलकरीण. मालकिणीच्या उशाशी उभी राहून ती गोड आवाजात म्हणते, "मेमसाब, चाबी मेरे पास है." झालं! पेपरवाल्यांनी सिनेमा डोक्यावर घेतला, बक्षिसं मिळाली, थेटरावरचा बोर्ड महिनोन्महिने हलेना. चांगला होता म्हणतात. असेल बापडा. पण ते वाक्य जे सुटलं, ते सगळ्यांच्या तोंडी. बसमधला कंडक्टर म्हणायचा, लपंडाव खेळणारी पोरं म्हणायची, सोसायटीच्या गणपतीत एका बाईंनी नक्कल करून बक्षीससुद्धा मारलं. रखमाही हसली होती. तिनं स्वतः डोक्यावर पदर ओढून, डोळे वटारून माईंना ते वाक्य करून दाखवलं, आणि माईंना हसून हसून ठसका लागला होता.

पण हसणं हसण्यावारी राहिलं नाही. एकेका घरानं चावी परत मागितली. कुणी म्हणे कुलूप बदललंय, कुणी म्हणे दिराला हवीय. खिडक्यांना जाळ्या बसल्या. खून केला सिनेमातल्या बाईनं आणि शिक्षा तुर्भ्याच्या रखमाला! नंदिनी तेवढी सगळ्यांत शेवटपर्यंत थांबली. मग एका सकाळी पर्स खांद्याला अडकवता अडकवता, रखमाकडे न बघता म्हणाली, "रखमा, चावी दे गं जरा. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही हं. पण सगळे म्हणतात ना..."

रखमानं कनवट सोडली. "घ्या की वहिनी. तुमचीच हाय."

आतून माई ओरडल्या, "अगं, मला उठवत नाही! हिला दार कोण उघडणार?"

"हळूहळू उठा हो माई, तेवढाच व्यायाम," म्हणत नंदिनी बस गाठायला पळाली. वाईट नव्हती ती. भ्यायलेली होती.

तेव्हापासून रखमानं बेल वाजवायची आणि माईंनी भिंत धरत धरत यायचं, असं सुरू झालं. दाराशी येईस्तोवर माईंच्या तोंडून सुनेचा उद्धार चालायचा. रखमा बाहेर पायरीवर उभी राहून ऐकायची.

त्या दुपारी रखमाला दुसऱ्या घरी उशीर झाला होता. तिनं बेल वाजवली. वाट बघितली. मग पुन्हा वाजवली, जरा जोरात. आतून माईंचा आवाज आला, "आले गं बाई, आले," आणि पाठोपाठ धप्पकन काहीतरी पडलं. मग माईंचं कण्हणं.

"माई! काय झालं वो माई?"

"पडले गं. पाय हलत नाही. रखमा, दार तोड."

शेजारच्या दारांना कुलपं. रखमा कोपऱ्यावरच्या श्यामसुंदर वाण्याकडे धावत सुटली, कारण फोन त्याच्याकडेच होता. तिला धापा टाकत येताना बघून तो म्हणतो कसा, "काय रखमाबाई, चाबी मेरे पास है?" तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं तेव्हा कुठं त्यानं मुकाट्यानं सुधीरच्या ऑफिसात फोन लावला. पण फोर्टातून वाशीला यायचं म्हणजे काय चेष्टा आहे?

रखमा परत येऊन इमारतीच्या मागं गेली. तळमजल्याचं घर, स्वयंपाकघराचं मागचं दार पातळ फळीचं. चार दणक्यांत निघालं असतं. तिनं दगड उचलला. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होती, ती तिच्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, इकडं या वो! माई पडल्यात!" रखमा ओरडली.

त्या बाईनं दोरीवरची साडी तशीच टाकली, आत गेली आणि कडी लावून घेतली. रखमाच्या हातातला दगड खाली पडला.

ती पुढच्या दाराशी येऊन बसली. "माई, सुधीरदादा निगालेत. आत्ता येतील."

"तू तोड गं दार. मी सांगते ना."

"येतीलच की आता, माई."

माई मग कण्हत राहिल्या. नंतर तेही थांबलं. सुधीर आला, त्यानं दार उघडलं, गाडी आणली. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पण माई इस्पितळातून घरी आल्या नाहीत.

रखमाला कुणी बोल लावला नाही. तिनं ते काम सोडलंही नाही. वर्षं गेली. नंदिनीच्या घरी टीव्ही आला आणि एका रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागला तोच सिनेमा. सगळा सेक्टर आपापल्या टीव्हीसमोर. नंदिनीच्या मुलीच्या वाढदिवसाची भांडी घासायला रखमा आली होती. नंदिनीनं उठून टीव्ही बंद केला, स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. शेजारच्या घरातून ते वाक्य ऐकू आलं आणि हशा पिकला.

"रखमा," ती हळूच म्हणाली, "त्या दिवशी दार तरी तोडायचंस गं."

रखमाचा हात थांबला. "माई बी तेच म्हनत होत्या, वहिनी. पन मी दार तोडलं असतं आनि तुमी आला असता, तर आदी कुटं धावला असता? माईंकडं का कपाटाकडं?"

नंदिनीला रडू फुटलं. तिनं तोंडावर पदर घेतला.

"रडू नका वहिनी," रखमा म्हणाली. "तुमी कुटंबी धावला असता, तरी मी तोडाया पायजे हुतं."

आणि तिनं नळ सोडला.