सात किलोंची बॅग आणि शारदाबाईंची अट

इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या कुणाचंही पोर बंगलोरला किंवा त्याहून लांब निघालं, की सामान भरायला चिंतामणराव शेवड्यांना बोलावणं जायचं. हा माणूस स्वतः एकदाही विमानात बसलेला नव्हता, पण विमानात कसं वागावं यावर तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे. डोक्यावरचा कप्पा कुणाच्या बापाचा नसतो. माणशी एकच बॅग वर ठेवायची, जाकिटं आणि पिशव्या पायाशी घ्यायच्या, दुसऱ्याचं सामान सरकवायचं तर आधी विचारायचं. हे सगळं त्यांनी आधी गेलेल्या पोरांकडून ऐकून गोळा केलं होतं आणि पुढच्या पोरांना स्वतःच्या अनुभवाच्या थाटात ऐकवलं होतं. एकदा मधुवंती नावाच्या मुलीने, काका तुम्ही कोणत्या विमानाने जाता, असं सरळ मनाने विचारलं. तेव्हा चिंतामणरावांना सुतळी संपल्याची एकाएकी आठवण झाली आणि ते दुकानाकडे निघाले.

सामान भरण्यात मात्र त्यांचा हात धरणारा इंदुरात नव्हता. सव्वीस वर्षं ते मिलच्या गाठ खात्यात होते. तयार कापडाचे तागे दाबून बसवायचे, वर गोणपाट चढवायचं आणि दाभणाने तोंड शिवून टाकायचं, हे त्यांचं काम. खात्याचा एक कडक नियम होता. ट्रकवाल्याची सही मिळेपर्यंत गाठ ज्याची, त्याने तिच्याजवळून हलायचं नाही. चिंतामणराव इतके नेकीने बसत की सोबतचे लोक त्यांना गाठीची बायको म्हणत.

मग नव्वदीच्या सुरुवातीला एका सकाळी मिलच्या गेटला कुलूप दिसलं. आत खुंटीवर त्यांचा डबा होता, छत्री होती आणि शारदाबाईंनी विणलेला एक तपकिरी स्वेटर होता. दोन महिने ते रोज गेटवर जाऊन तो स्वेटर मागत होते. कामावर परत घ्या म्हणण्यापेक्षा स्वेटर द्या म्हणणं त्यांना सोपं वाटे. दोन्हींतलं काहीच मिळालं नाही. देशाची दारं उघडली आणि मिलचं दार बंद झालं, हे एकाच सुमारास कसं घडलं ते त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही. ते कापड मार्केटात एका दुकानावर लागले आणि उरलेल्या वेळात लोकांच्या बॅगा भरू लागले. पण आपली वस्तू नजरेआड झाली की ती गेली, हे त्यांच्या मनाने जे घेतलं ते कायमचं.

अशी चौदा-पंधरा वर्षं गेली. मुलगा अभिराम मुंबईला नोकरीला लागला आणि त्याने आईवडिलांना विमानाची दोन तिकिटं पाठवली. चिंतामणरावांनी ती बातमी मोहल्ल्याबाहेर पार कृष्णपुऱ्यापर्यंत पोहोचवली. शारदाबाईंची मात्र पाचावर धारण बसली. जत्रेतल्या पाळण्यात बसल्या तरी त्यांना गरगरायचं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "अहो, मी चालते. पण विमान वर जाताना माझा हात धरून ठेवायचा. सोडला तर मी तिथेच उठून उभी राहीन, फिर मत बोलना."

चिंतामणराव म्हणाले, त्यात काय एवढं. छत्तीस वर्षांच्या संसारात शारदाबाईंनी त्यांच्याकडे उघडपणे मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. ते तेव्हा ताणकाट्याला बॅग लटकवून वजन बघत होते.

बॅग बरोबर सात किलो भरली. आत शेव, कुरडया आणि डिंकाचे लाडू. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात देऊन टाका, असं शारदाबाई म्हणाल्या, तर त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बॅगेला चेन होती, पण चेन काय, कुणीही उघडतं. म्हणून त्यांनी सुतळी ओवली आणि दाभणाने बॅगेचं तोंड गाठीसारखं घट्ट शिवून टाकलं. दुसऱ्यांच्या पोरांना केबिन बॅग सुटसुटीत ठेवा म्हणून सांगणाऱ्या माणसाने आपली बॅग अशी शिवली, की ती उघडायला मिलचा दुसरा माणूस लागावा.

विमानतळावर तपासणीच्या पडद्यावर लाडू दिसले. काळे, गोल, एकावर एक रचलेले. जवानाने बॅग उघडायला सांगितलं. चिंतामणरावांनी शांतपणे त्याच्याकडेच कैची मागितली. जवानाने कैची देण्याऐवजी त्यांचे खिसे तपासले. खिशात दाभण निघालं. मुंबईत पोहोचल्यावर बॅग पुन्हा शिवायला लागेल म्हणून त्यांनी ते बरोबर घेतलं होतं. दाभण जप्त झालं. सुतळी शेवटी शारदाबाईंनी दातांनी तोडली. या गडबडीत चेनही निखळली, तेव्हा बॅगेचं तोंड खांद्यावरच्या पंच्याने बांधलं आणि दोघं धावत निघाली. विमानात शिरणारी शेवटची दोन माणसं तीच होती.

त्यांच्या जागा सहाव्या रांगेत होत्या. डोक्यावरचे कप्पे गच्च भरले होते. चिंतामणरावांना तर हा विषय पाठच. हे जाकीट कुणाचं, या दोन बॅगा एकाच माणसाच्या का, असं त्यांनी मोठ्याने विचारायला सुरुवात केली. कुणी मान वर केली नाही. एक गृहस्थ पेपर वाचत होते, ते पेपराच्या आणखी आत शिरले. तेवढ्यात हवाई सुंदरीने बॅग त्यांच्या हातातून हळूच घेतली आणि थेट एकविसाव्या रांगेवर नेऊन ठेवली. तेवढीच जागा उरली होती.

बॅग निघाली तसे चिंतामणरावही तिच्यामागून निघाले. शारदाबाई खिडकीशी बसून पट्टा शोधत होत्या. अगं आलोच, असं त्यांनी वळून सांगितलं. मागे जाऊन बघतात तर पंचा सैल झालेला, तोंड अर्धं उघडं, आणि खाली सगळी अनोळखी माणसं. सहीही नाही, पावतीही नाही. त्यांचे पाय तिथेच रुतले. एकविसाव्या रांगेत इंदूरजवळच्या बेटम्याचे एक सोयाबीनचे व्यापारी बसले होते. चिंतामणरावांनी त्यांना आपली जागा देऊ केली. ते लगेच उठले. विमानात मागे झटके जास्त लागतात असं त्यांनी ऐकलं होतं आणि तेही पहिल्यांदाच बसत होते. "भिया, आपने तो मेरी जान बचा ली," असं म्हणून ते सहाव्या रांगेकडे जवळजवळ पळाले.

चिंतामणराव बॅगेखाली बसले आणि त्यांना समाधान वाटलं. पट्टा लावला. वर एकदा हात लावून पाहिला. विमान वळलं, थांबलं आणि मग एकदम जोरात धावू लागलं. तेव्हा त्यांना शारदाबाईंची अट आठवली.

ते उभं राहायला गेले, पण पट्ट्याने त्यांना खाली ओढलं. तो कसा सोडायचा हे त्यांनी आजवर निदान तीस पोरांना शिकवलं होतं, पण त्यांना तो सुटला नाही. मागून कुणीतरी खाली बसा म्हणून ओरडलं. पंधरा रांगांपलीकडे खुर्च्यांच्या फटीतून शारदाबाईंचा अंबाडा तेवढा दिसत होता. ती उठून उभी राहील या धास्तीने ते त्या अंबाड्याकडे बघत राहिले. अंबाडा हलला नाही, याचंही त्यांना वाईट वाटलं.

पट्ट्याची खूण विझल्याबरोबर शेजारच्या तरुणाने त्यांचा पट्टा सोडून दिला आणि ते पुढे धावले. शारदाबाईंनी दोन्ही हातांनी बेटम्याच्या व्यापाऱ्यांचा हात धरला होता. व्यापाऱ्यांचे डोळे घट्ट मिटलेले आणि कपाळ घामाने भिजलेलं. घाबरू नका भाईसाब, कानात दडे बसले तर आवंढा गिळायचा, असं त्या त्यांना समजावत होत्या. शब्द चिंतामणरावांचेच होते. निघण्याआधी घरी भेटायला येणाऱ्या पोरांना ते हे सांगत, तेव्हा त्या गेली कित्येक वर्षं ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत आल्या होत्या.

नवरा आल्याचं पाहून त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता. अगदी साध्या आवाजात त्यांनी विचारलं,

"बॅग घाबरली नाही ना?"

हा किस्सा चिंतामणराव आजही स्वतःच सांगतात, आणि या वाक्याशी येऊन थांबतात. लोक पोट धरून हसतात. विजय नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये बॅग भरायला गेले तर पोरंच म्हणतात, काका, तो बॅगवाला किस्सा. ते कैची मागण्यापासून सुरू करतात, स्वतःच्या बावळटपणावर सगळ्यांआधी हसतात आणि शारदाबाईंचं वाक्य त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवतात. विमान उतरतानाचं मात्र त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही, शारदाबाईंनाही नाही.

त्या वाक्यानंतर त्यांनी व्यापाऱ्यांकडे जागा परत मागितली होती. व्यापारी मागे जायला काही केल्या तयार झाले नाहीत. राहू दे त्यांना, असं शारदाबाईही म्हणाल्या. मुंबई जवळ आली, पट्ट्याची खूण पुन्हा लागली आणि हवाई सुंदरीने चिंतामणरावांना एकविसाव्या रांगेत नेऊन बसवलं. विमान खाली झुकलं. आपल्याला इतकी भीती वाटेल हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आजवर भीतीचं खातं घरात शारदाबाईंकडेच होतं. डोक्यावर सात किलो सामान सुखरूप होतं. त्यांनी डोळे मिटले आणि नकळत उजवा हात बाजूला नेला.

शेजारच्या तरुणाला वाटलं, आजोबांना हात ठेवायला जागा हवी आहे. त्याने आपला हात अदबीने काढून घेतला आणि खुर्चीचा दांडा त्यांना मोकळा करून दिला.