गाडीतली किरकिर शोधणारा विल्बर्ट बास

विल्बर्ट बासकडे गाडी नेली की तो बॉनेटला हात लावत नसे. इंजिनाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. दार उघडून तो आत बसायचा, डॅशबोर्डावर पंजा ठेवायचा आणि म्हणायचा, "चला, एक फेरी मारू."

कॅन्डीजवळच्या आमच्या गंपोल्यात गाड्या दुरुस्त करणारे ढीगभर आहेत. पण गाड्या सगळ्या तीस-पस्तीस वर्षांच्या. नवी घ्यायची तर राहतं घर विकावं लागेल, म्हणून आहे तीच आम्ही जिवापाड जपतो. इंजिन बदलता येतं, रंग चढवता येतो, पण आतलं प्लॅस्टिक म्हातारं होतं ते होतंच. क्लिपा तुटतात, स्क्रूची भोकं मोठी होतात, दाराचं आतलं पॅड सुटतं, आणि मग घाटातल्या प्रत्येक वळणावर कुठेतरी किरकिर सुरू होते. ऐकू सगळ्यांना येते. कुठून येते ते कुणाला सांगता येत नाही. पुढून येतेय म्हणून डॅशबोर्ड उचकटावा, तर ती निघते मागच्या दारात. नेमकी जागा सांगणारा गावात एकच, विल्बर्ट.

सुतार असो, गवंडी असो, हातात खरी कला असली की आम्ही त्याला बास म्हणतो, आणि ही पदवी आमच्या गावात सहजासहजी मिळत नाही. विल्बर्ट मूळचा मोरटुवाच्या सुतारांच्या घरातला. वीस वर्षं एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे ठोकले, मग सासुरवाडीला येऊन राहिला आणि घराच्या पडवीत दुकान मांडलं. दुकान म्हणजे काय, तर जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, मेणाचा गोळा आणि फणसाच्या लाकडातून कोरलेल्या क्लिपांचा डबा. त्याची क्लिप बसली की पुन्हा हलायची नाही.

फेरीवरून आला की तो कुणाशी न बोलता घरात पाणी प्यायला जायचा. पाच मिनिटांनी बाहेर यायचा आणि सरळ त्या जागेवर बोट ठेवायचा. आत कतरगमच्या देवाची तसबीर आहे आणि देव त्याला जागा सांगतो, अशी गावभर बोलवा होती. एका बसमालकानं तर तसबिरीपुढे ठेवायला फळांचं ताट आणलं होतं. विल्बर्टनं ते मुकाट्यानं आत नेलं. मी गणिताचा मास्तर, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण मलाही दुसरं उत्तर सापडत नव्हतं.

एकच गोष्ट लोकांच्या डोक्यात जायची. फेरीला मागच्या सीटवर त्याची बायको मेनिके हटकून असायची. कधी तिला बहिणीकडे जायचं असायचं, कधी बाजारात, कधी दवाखान्यात. छत्री आणि पिशवी मांडीवर घेऊन ती गप्प बसायची. लोक नाक मुरडायचे, पण किरकिर जायची म्हणून चालवून घ्यायचे.

मी चालवून घेतलं नाही. माझ्या गाडीतल्या आवाजानं महिनाभर माझं डोकं उठवलं होतं. त्या दिवशी मेनिके छत्री घेऊन आली तेव्हा मी म्हणालो, "बास, ही माझी गाडी आहे, तुमच्या बायकोची टॅक्सी नाही. आज आपण दोघंच जाऊ."

विल्बर्ट पुढे येऊन बसला. फेरी झाली, पाणी पिऊन झालं, आणि त्यानं डॅशबोर्ड उतरवला. तीन दिवस गाडी त्याच्या पडवीत उघडी पडली होती. त्यानं सगळीकडे नमदा लावला, आठ नव्या क्लिपा बसवल्या. चौथ्या दिवशी गाडी घेऊन पहिल्या वळणावर गेलो, तर किरकिर जशीच्या तशी. मी तसाच परत फिरलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला फैलावर घेतलं. म्हणालो, "तुम्हाला बास कुणी म्हटलं?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. सुनावण्यात मी पहिल्यापासून पटाईत आहे, आणि त्या दिवशी मला त्याचं समाधानही वाटलं.

त्यातून वेळ अशी, की अबेरत्न मुदलाली, म्हणजे आमच्याकडचा शेठ, माझ्या शब्दावर अडलेला होता. हा माझा जुना विद्यार्थी, आता लग्नाला जुन्या गाड्या भाड्यानं देण्याचा त्याचा मोठा धंदा. सहा गाड्यांचं काम विल्बर्टला द्यायचं त्याच्या मनात होतं. "सर, माणूस खरंच कसबी आहे ना?" असं त्यानं मला विचारलं होतं, आणि येत्या गुरुवारी मी त्याला सांगणार होतो, हे विल्बर्टच्या घरीही ठाऊक होतं.

मध्ये पौर्णिमा आली. सकाळीच मेनिके पांढरी साडी नेसून, हातात कमळं घेऊन माझ्या दारात उभी.

"सर, विहारापर्यंत सोडाल का?"

पौर्णिमेच्या दिवशी विहारात निघालेल्या बाईला नाही कोण म्हणणार? मी गाडी काढली. दोन किलोमीटर झाले. मग म्हणाली, "सर, जरा डावीकडच्या रस्त्यानं घ्या." पुढे गेल्यावर, "आता उजवीकडे." मग तिनं कमळं बाजूला ठेवली.

"पुढे काही नाही, सर. मागच्या काचेखाली ती फळी आहे ना, तिच्यावरच्या स्पीकरच्या झाकणाचा एक स्क्रू गेलाय. वळणावर झाकण सरकतं आणि काचेच्या रबराला घासतं."

मी गाडी थांबवली. मागे जाऊन झाकणाखाली रुमालाची घडी दाबून बसवली आणि पुढची चार वळणं घेतली. गाडी गप्प होती.

"म्हणजे आजवर..." मी म्हणालो.

"पत्रे ठोकून ठोकून बारीक आवाज गेले त्यांचे. माणसांचं बोलणं कळतं, तोंडाकडे बघून. किरकिर नाही कळत. अकरा वर्षं झाली."

"आणि ते पाणी प्यायला आत जातात ते?"

"मी चहा गाळता गाळता म्हणते, दाराच्या हँडलपाशी असेल बाई. ते म्हणतात, माझ्याही मनात तेच होतं. बस, एवढंच. याच्यापुढे आम्ही दोघं कधी बोललो नाही." ती खिडकीबाहेर बघत होती. "सर, त्या दिवसापासून ते नीट जेवले नाहीत. काम मिळालं नाही तर नाही मिळालं, पण गुरुवारी तुमच्या तोंडून वाईट गेलं तर त्यांचं नाव जाईल. नावाशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काय आहे? आणि हे मी सांगितलं, कुणाला कळू देऊ नका."

मला माझीच लाज वाटली. आयुष्यभर पोरांना सांगत आलो, उत्तर चुकलं तर आधी पायऱ्या तपासा, आणि इथे स्वतः काही न बघता एका माणसाची अब्रू घेऊन मोकळा झालो होतो.

गुरुवारी मी त्या दोघा नवरा-बायकोला माझ्याच गाडीतून कॅन्डीला मुदलालीच्या आवारात नेलं. मेनिकेला कापड घ्यायचं होतं म्हणे. मी मुदलालीला सांगितलं, "असा माणूस तुला सापडायचा नाही." पण तो धंद्यातला माणूस. म्हणाला, "सर, तुमचा शब्द खरा. तरी एक फेरी मी स्वतः घेतो. मागे माझा मॅनेजर बसेल." मेनिके पुढे झाली तसा तो अगदी आदरानं म्हणाला, "अक्का, तुम्ही कशाला दगदग करताय? सावलीत बसा, चहा घ्या."

झालं. लग्नाची एक काळी लांब गाडी मुदलाली, मॅनेजर आणि विल्बर्टला घेऊन फाटकाबाहेर गेली. मेनिकेनं कप हातात धरला, पण चहा घेतला नाही. मुदलालीचे सहा ड्रायव्हर भिंतीला टेकून मजा बघायला उभे होते.

गाडी परत आली. "बोला बास," मुदलाली उतरता उतरता म्हणाला, "कुठे आहे?"

विल्बर्टनं डॅशबोर्डाकडे बघितलं, मग दाराकडे. "अरे, त्यांना आधी पाणी तरी द्या," मी म्हणालो. मॅनेजरनं तिथल्या तिथे ग्लास आणून दिला. विल्बर्टनं तो सावकाश संपवला.

"आता?" मुदलालीनं विचारलं.

एक ड्रायव्हर दुसऱ्याला म्हणाला, "थांब रे, देवाला गंपोल्याहून यायचंय. बस मिळायला वेळ लागतो." बाकीचे हसले.

खरं तर एखाद्या जागेवर बोट ठेवून त्याला वेळ मारून नेता आली असती. तीन दिवस मागून घेतले असते तर रात्री मेनिकेनं काहीतरी युक्ती काढलीच असती. तो मेनिकेकडे बघत होता. तिनं मान किंचित हलवली, नको म्हणून.

"मुदलाली," तो म्हणाला, "मला काहीच ऐकू आलं नाही."

"म्हणजे किरकिर थांबली?"

"किरकिर असेल. मला ती ऐकू येत नाही. अकरा वर्षं येत नाही. आवाज शोधते ती ही माझी बायको. मी फक्त स्क्रू पिळतो. गावानं बास मला म्हटलं आणि मी म्हणू दिलं."

ड्रायव्हर भिंतीपासून सरळ झाले. मेनिके तिच्या नेहमीच्या बारीक आवाजात एवढंच म्हणाली, "काय बोलताय हे."

मुदलाली माझ्याकडे वळला. खोटं बोलल्याबद्दल शाळेत मी याला दोनदा छडी मारली होती. "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तो जरा वेळ गाडीच्या टपावर बोटं वाजवत राहिला. मग म्हणाला, "नवरीकडची माणसं गाडीत बसून नाकं मुरडतात, ती थांबली म्हणजे मला पुरे. ऐकतं कोण आणि पिळतं कोण, तुमचं तुम्ही बघा. अक्का, बसा गाडीत."

मेनिके जागची हलेना. विल्बर्टनं जाऊन तिच्या हातातला कप घेतला आणि दार उघडून धरलं. पदरानं डोळे पुसत ती बसली. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. "दोन आहेत," ती म्हणाली. "एक पुढच्या कप्प्याच्या झाकणात. दुसरी डाव्या दाराच्या पॅडखाली, पण ती नुसती मेणानं जाईल."

घरी येताना तिनं नवऱ्याला भरपूर ऐकवलं. अकरा वर्षं मी झाकून ठेवलं आणि तुम्ही सहा ड्रायव्हरांपुढे उघडं केलंत, असं बरंच काही. विल्बर्ट दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून चहाचे मळे बघत होता. त्याला त्यातलं अक्षरही कळलं नसावं. मीही मध्ये पडलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या पडवीत माझ्या झाकणाला स्क्रू बसवून घेत होतो. मेनिके स्वयंपाकघराच्या दारात आली. इतकी वर्षं नवऱ्याला काही सांगायचं असलं की ती हातातलं काम टाकून अंगण ओलांडायची, त्याच्यासमोर येऊन उभी राहायची आणि हळूच बोलायची. आम्ही कौतुक करायचो, काय शालीन बाई आहे. लांबून हाक मारली आणि त्यानं मान वळवली नाही तर गावाला कळेल, ही भीती तिच्या मनात होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्या दिवशी ती दारातच थांबली. पदर खोचला आणि पुलापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो बहिरे बास, भात निवतोय."

विल्बर्टनं गाडीतून डोकं बाहेर काढलं आणि तितक्याच मोठ्यानं ओरडून म्हणाला, "आलो."