वेल्ह्याचं प्रस्थान

आप्पा ओव्हरसियर मला पहिल्यांदा दिसले ते फटफटीला वेणी घालताना. आमचे हे भोरला शाळेत मास्तर; लग्न होऊन मी नुकतीच तिथे आले होते. मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला गेले, तर कुंपणापलीकडे खाकी अर्धी विजार घातलेले एक धिप्पाड गृहस्थ मोटारसायकलच्या दांड्याला सुतळीचे तीन पेड बांधून, जीभ दातांत धरून, ते एकमेकांवरून घालत बसले होते. मला पाहून ते दचकले नाहीत की लाजले नाहीत. "वहिनी, बरं झालं आलात. तिसरा पेड वरून जातो की खालून?" एवढंच विचारलं. नव्या नवरीला परक्या पुरुषाने विचारावा असा हा प्रश्न नव्हता. पण उत्तर मला येत होतं, ते मी देऊन टाकलं.

आप्पा संस्थानच्या रस्त्यांवर ओव्हरसियर होते. फटफटी त्यांनी पुण्याच्या कुणा साहेबाकडून जुनी घेतली होती. ती सुरू झाली की आळीतल्या म्हशी दाव्याला हिसके देत आणि म्हातारी माणसं रामराम म्हणत. बायको वारलेली. घरात मोठी विधवा बहीण अक्का, आणि कुमुद नावाची आठेक वर्षांची मुलगी. कुमी दिसायला शेलाटी आणि बोलायला फटाकडी. बापाच्या पाठीमागे कॅरियरवर उशी बांधून बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायची.

वेणीमागची हकीकत मला पुढे कळली. अक्कांचं म्हणणं असं, की मुलीची जात, बाप आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर, आपले गुडघे गेलेले. तेव्हा कुमीला साताऱ्याला मामाकडे ठेवावी. तिथे मामी आहे, मामेबहिणी आहेत. खरं सांगायचं तर यात वावगं काही नव्हतं. आप्पा मात्र कुमीला सोडायला तयार नव्हते. शेवटी अक्का म्हणाल्या, "दोन दिवस एकट्याने सांभाळून दाखव. तिचं न्हाणं, वेणी, जेवण, सगळं. जमलं तर मी पुन्हा मामाचं नाव काढणार नाही."

दुसऱ्या कुणी अक्कांना दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवलं असतं आणि काम भागवलं असतं. आप्पांनी ठरवलं, की कुमीला फटफटीवर घालून वेल्ह्याला न्यायचं आणि तोरण्याच्या पायथ्याशी राहुटी ठोकून दोन रात्री राहायचं. "अक्का घरात असली काय, शेजारी असली काय, लोक म्हणणार तिनेच केलं," ते मला म्हणाले. "तिकडे रानात कोण येतंय माझी वेणी घालायला?"

"तुमची नव्हे, कुमीची," मी म्हटलं.

"तेच ते."

आप्पांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी आखणी, मग खडी." रस्ता असो, लग्न असो, नाही तर कांद्याची भजी, आखणीशिवाय ते हात लावत नसत. ओसरीवर खडूने त्यांनी भोर ते वेल्हे असा रस्ता काढला. कुमी त्यावरून लंगडी घालत जायची. कापूरहोळ, कामथडी, मग नसरापूर, तिथे वळण. नसरापूरला पाणी प्यायचं असं ठरलेलं, म्हणून ती तिथे खरोखर फुलपात्रातून पाणी प्यायची. परसात राहुटी उभी करून पाहिली. त्यांचा मुकादम धोंडिबा ती घेऊन आला होता. तो डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, समदी लोकं रान सोडून घरात येत्यात, तुमी पोरीला घिऊन रानात का ओ चाललाय?"

"घर राखायला," आप्पा म्हणाले. धोंडिबाला ते कळलं नाही, पण त्याने खुंटी मुकाट्याने ठोकली.

त्या राहुटीपुढे तीन दगडांवर आप्पांनी पिठलं-भात केला. भात खाली लागला, पिठल्यात गुठळ्या राहिल्या. मागच्या दारात अक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. कुमीने पहिला घास घेतला आणि अक्कांकडे बघत मोठ्याने म्हणाली, "आप्पा, फार छान झालंय!" करपलेला भात पोरीने चाटूनपुसून खाल्ला. मला घरात जाऊन डोळे पुसावे लागले.

आप्पांना सुट्टी मिळाली ती रविवारपासूनची. अक्कांनी लगेच पंचांग काढलं. रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, निघायचं नाही! आप्पांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण तडजोड म्हणून शनिवारी प्रस्थान ठेवायचं ठरलं. म्हणजे चांगल्या वेळी प्रवाशाच्या वस्तूंचं गाठोडं शेजारी नेऊन ठेवायचं, की माणूस निघाल्यासारखंच. मग जाताना ते उचलून पुढे जायचं, घरी माघारी आणायचं नाही. कुमीचा परकर, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधून अक्का स्वतः आमच्याकडे आल्या. मी ते देवघराच्या फळीवर ठेवलं.

त्याच संध्याकाळी धोंडिबा पळत आला. घाटात रस्त्याखालची मोरी खचली होती. सुट्टी रद्द झाली. कुमी फटफटीचा दांडा धरून उभी राहिली, रडली मात्र नाही. आप्पा निघून गेल्यावर अक्का म्हणाल्या, "हेच मी सांगत होते." आणि त्यांनी साताऱ्याला पत्र टाकलं.

आठ-दहा दिवसांनी मामा आले. ओसरीवर कुमीची ट्रंक भरून ठेवलेली, बैलगाडी दाराशी, आणि कुमी कोपऱ्यात खडूच्या पुसट रेघेवर बसलेली. तेवढ्यात आप्पा घाटातून परतले, मातीने माखलेले. ते भांडतील म्हणून मी कुंपणाशी जीव मुठीत धरून उभी होते. ते भांडले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, पाय धुतले आणि हळूच म्हणाले, "अक्का, प्रस्थान मास्तरांच्या घरी आहे. पोरगी वेल्ह्याला निघालेली आहे. अर्ध्या वाटेवरून तिला साताऱ्याला कशी वळवू?"

अक्कांनी पदर सारखा केला. मग मामांना म्हणाल्या, "प्रवास मोडला तर अपशकुन होतो. तुम्ही जेवून निघा. पोरीचं नंतर बघू."

ते 'नंतर' काही आलं नाही. दर दिवाळीला आप्पा ओसरीवर नव्याने रस्ता काढत, राहुटीला ठिगळं लावत, आणि दर वर्षी काहीतरी आडवं येई. कधी पूल, कधी टायर, पुढे लढाई लागली तेव्हा पेट्रोल. मी चिडवायची, "आप्पा, आखणी फार झाली, खडी कधी?" ते हसत आणि आवाज खाली आणून विचारत, "गाठोडं आहे ना जाग्यावर?" तांदळाला जाळी धरते म्हणून अक्का दर वर्षी येऊन ते बदलून जात. कुमीची वेणी आप्पाच घालत. ती नेहमी डावीकडे कलायची; शाळेत तिला वेणीवरून ओळखत.

कुमी मॅट्रिक झाली. शिक्षिकेच्या शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात राहायला जायचं ठरलं. जायच्या आधी एका सकाळी आप्पा आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, "वहिनी, गाठोडं द्या. आता हरकत नाही." पेट्रोल त्यांनी कुठून जमवलं देव जाणे. कुमी पाठीमागे बसली, राहुटी बांधलेली, कलती वेणी पाठीवर. परकर आता तिला गुडघ्यापर्यंतही आला नसता. तरी तिने गाठोडं मांडीवर घट्ट धरलं होतं. फटफटी खोकत खोकत कापूरहोळच्या दिशेने गेली. आप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण माझ्या मनात ते अजून तसेच पाठमोरे आहेत.

अक्का आणि मी रस्त्यावर उभ्या होतो. माझ्या सासूबाई शास्त्राच्या पक्क्या होत्या. त्यांच्याकडून ऐकलेलं मला इतकी वर्षं डाचत होतं. मी विचारलं, "अक्का, प्रस्थान किती दिवस चालतं हो?"

"तीन दिवस. फार तर पाच."

"मग मामा आले, तेव्हा तर आठवडा उलटून गेला होता. बोलला का नाहीत?"

अक्का धुळीकडे बघत राहिल्या. "मागच्या दारातून मला रोज दिसायचा गं तो," त्या म्हणाल्या, "सुतळीची वेणी घालताना."