आमच्या अंगणातली वहिवाट

त्या संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून शेंगा फोडत होतो. कंपन्या सुटल्या होत्या. मागच्या चाळीतली माणसं आमच्या अंगणातून घरी चालली होती, आणि मी नेहमीसारखा कोण कोण जातंय ते बघत होतो. माझी बायको हौसा म्हणाली, "बघून बघून डोळं दुखत न्हाईत का तुमचं?" दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठलीच नाही... त्याला आता महिना होऊन गेला.

रहाटणीत आमचं घर गावठाणाच्या अगदी कडेला. बासष्ट सालानंतर पिंपरीकडं कारखाने वाढत गेले तशी आमच्या गोठ्यामागच्या माळावर पत्र्याची चाळ उभी राहिली. परभणी, बीड, सोलापूरकडची माणसं. बरीच घरं बौद्धांची, बाकीची मराठे, धनगर अशी मिसळ. चाळीतून बसथांब्याकडं जायचं तर नाल्याला वळसा घालून चिखलातून, नाहीतर सरळ आमच्या अंगणातून. चिखलातून कोण जातंय?

मला ते पहिल्यापासून खटकलं. माझ्या बापानं चुलत्याची बैलगाडी आमच्या बांधावरून जाऊ दिली होती, भावकी म्हणून. पुढं चुलत्याचा पोरगा उठला आणि म्हणाला, ही आमची जुनी वहिवाट. तेवढा पट्टा गेला तो गेलाच. जमीन अशीही जाते, नुसत्या चालण्यानं. म्हणून दरवर्षी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी अंगणाच्या तोंडाशी बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकायचो. एक दिवस वाट बंद. उद्या कोर्टात कुणी म्हणायला नको की कायम चालू होती. चाळीतला बाबुराव, परभणीकडचा, त्या दिवशी हमखास थांबायचा. "मामा, आज पासपोर्ट लागतो का?" म्हणायचा आणि दात काढत नाल्याकडून जायचा. हसणाऱ्या माणसाचा तर मला जास्तच संशय.

हौसाचं सगळं उलटं. चाळीत कुणी बाळंत झालं की हिचं तेल आणि शेकाची शेगडी घेऊन जाणं आलंच. विहारात खीर असली की तिथं पंगतीला बसायची. मला म्हणायची, तुम्ही त्या माणसांना कधी बसा तरी म्हणता का? मी म्हणायचो, बसा म्हटलं की उठायची नाहीत.

शेवटच्या वर्षी तिची छाती दुखायची. त्या दिवसांत चाळीतल्या बायकांशी तिचं हळू आवाजात काहीतरी चालायचं. मी गेलो की सगळ्या गप्प. मी ओळखलं, हिनं वाट देऊन टाकली, मला न सांगता शब्द दिला. सरळ विचारलं तर म्हणाली, "सांगितलं तर भांडाल." झालं, माझा संशय पक्का.

तिला नदीवर नेताना सगळी चाळ आली. खांदा द्यायला बाबुराव पुढं. रडत होता. तेव्हाही मी त्याच्याकडं बघत होतो, की हा आता काय मागणार...

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या शिफ्टची वेळ झाली आणि अंगणात एक माणूस नाही. गोठ्यामागं जाऊन बघितलं तर सगळी रांग नाल्याच्या चिखलातून चाललेली. ही काय नवी चाल म्हणून तसाच गेलो आणि बाबुरावला अडवलं. वाट का सोडली, विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "मामीनं शपथ घातलीया मामा समद्यांना. मी हाय तवर चाला म्हनली. मी गेल्यावर मामांना इचारल्याबिगर अंगणात पाय टाकायचा न्हाई."

विचारून चालणाऱ्याची वहिवाट होत नाही, त्याचा हक्क लागत नाही. हे मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं, इतकी वर्षं माझ्याच तोंडून ऐकून...

"मग इचार की," मी म्हणालो.

त्यानं विचारलं. मागच्यानं विचारलं. बायकांनी चिखलाच्या चपला हातात धरून एकेकीनं विचारलं. बस यायची वेळ झाली होती, तरी विचारल्याशिवाय कुणी पुढं सरकेना. मी अंगणाच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो आणि एकेकाला जा म्हणत राहिलो.