भाषा येत नसलेली ठमी

आधीच सांगून टाकतो, या गोष्टीत माझी शोभा झालेली आहे. मी नागोराव, मूळचा परभणीकडचा. बोईसरच्या एका कागद कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो. ठमी ही उमरोळीपलीकडच्या पाड्यावरची वारली बाई, आमच्या गेस्ट हाऊसवर सहा वर्षं रोजंदारीनं स्वयंपाक करायची. दुपारी मीही तिथंच जेवायचो.

त्र्याऐंशी साली नवं मशीन फिनलंडहून आलं आणि ते बसवायला एस्को नावाचा फिटर आला. लाल कानांचा, अबोल माणूस. पण भाषा किती? घरची फिनिश, शाळेतली स्वीडिश, कामापायी जर्मन आणि इंग्रजी. आम्ही तोंडात बोटं घालायचो. दिवसातून पाच वेळा त्याला कॉफी लागायची आणि ती प्यायला स्वारी थेट स्वयंपाकघरात. पाटावर बसायचा, पळी उचलून तिला काय म्हणतात ते ठमीला विचारायचा, मग आपल्या भाषेतलं सांगायचा. दोन वर्षं हाच उद्योग. मी ओरडायचो, “ठमे, भात करपतोय, आवर तुझी शाळा!”

पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी निघाली. नाव लागणार नाही त्याला घरी पाठवणार होते. ठमीचा सगळा जीव त्या यादीत. नवरा नव्हता. नाव लागलं नाही तर लेकीला, चिमीला घेऊन वीटभट्टी गाठायची आणि पोरीची चौथी अर्ध्यात सुटायची.

फॉर्म मीच भरत होतो. “भाषा कोणत्या येतात?”

ठमी ओशाळली. “मला कुठली भाषा, सायेब? मी शालंत नाय गेले.”

मी लिहिलं, ‘नाही’. वर हसलोसुद्धा! अरे नागोराव, काय म्हणावं तुला! हीच बाई मासेवाल्या बायडीशी किनाऱ्यावरच्या बोलीत घासाघीस करायची, किराणावाल्या शेठशी गुजरातीत भांडायची, बिहारी वेल्डरांना हिंदीत दटावायची, माझ्याशी मराठीत बोलायची. रोज कानावर पडत होतं. पण तिच्या लेखी भाषा म्हणजे पुस्तकातली, शाळेत मिळणारी. बाकीचं नुसतं बोलणं. मी शिकलेला, तर माझ्याही लेखी तेच.

मुलाखतीला मॅनेजरसाहेबांनी शेजारी एस्कोला बसवलं होतं, मी फॉर्म पुढे करत होतो. फॉर्म पाहून ते इंग्रजीत त्याला म्हणाले, “जानेवारीत तुमची आठ माणसं येतायत. भाषा येणारं कुणी हवं. हिला तर एकही येत नाही.”

अबोल एस्को ताडकन उठला आणि आपल्या भाषेत ठमीला भराभरा काहीतरी विचारू लागला. ठमीनं त्याच भाषेत उत्तर दिलं, हात नाचवत, चांगली चार-पाच वाक्यं. शेवटी दरडावून म्हणाली, “इस्तू!” एस्को मुकाट खाली बसला.

साहेब बघतच राहिले. “काय म्हणालीस त्याला?”

“तो इचारतो, खोटं कशाला लिवलं? मी सांगितलं, खोटं नाय, मला वाटलं शालंतली इचारतात. रागावू नको, बस खाली.”

“अगं, पण हे सगळं शिकलीस तरी कशाला?”

ठमी गोंधळली. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. “आमची बोली कोन बोलतो, सायेब? मंग आमालाच सगल्यांची बोलाय लागते.”

साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं.  एस्को हळू आवाजात म्हणाला, “आमच्या देशाचंही असंच आहे.”

ठमीचं नाव लागलं. साहेबांनी फॉर्म माझ्यापुढे टाकला. ‘नाही’ खोडून मी तिला विचारत एकेक भाषा लिहू लागलो. पहिली वारली लिहिली, तेव्हा ती सहज म्हणाली, “तुमाला येते का सायेब, आमची?”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होती. सहा वर्षं तिच्या हातचं जेवलो होतो मी. फॉर्मवरची नजर न उचलता म्हणालो, “नाही गं, एक वाक्यही येत नाही.”