लग्न तुमचं, शेपूट आमचं

दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे दहा. जागा: खामगाव, मामांच्या घराचा वरचा मजला. हजर: मामा, धामणगाव बढ्याहून पहिल्या एसटीने आलेले चाचा, फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या ताई आणि टिपणं घ्यायला मी. गैरहजर: चालू स्थितीतला व्हीसीआर. तो समोर टेबलावरच होता, पण पोट उघडं टाकून पडला होता, म्हणून मी त्याला गैरहजरांत धरलं. विषय: ‘गिरणी बंद हाये’ या मालिकेचा दुसरा सीझन डीव्हीडीवर काढणे.

मामा म्हणजे माझ्या धाकट्या जावेचे मामा. एखादी गोष्ट संपली हे मान्य न करणारा असा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांच्या लेखी जगात बंद पडलेलं काहीच नाही. जे आहे ते थोडा वेळ थांबलेलं आहे. त्यांच्या जुन्या स्कूटरच्या सीटवर शेजारची कोंबडी अंडी देते, तरी दर दसऱ्याला स्कूटरला हार घातला जातो आणि मामा किक मारून पाहतात. कोंबडी आता किकला बिचकत नाही. एके काळी त्यांचा केबलचा धंदा होता. पुढे घरोघरी डिश आली, मग मोबाइल आला, गावातले केबलवाले पाण्याचे जार नाहीतर मंडपाचं सामान विकू लागले. मामांनी मात्र गच्चीवरून चार घरांवर गेलेली काळी वायर कुणाला काढू दिली नाही. शेजारणीने एकदा त्या वायरीवर लुगडं वाळत घातलं, तर मामा खालून ओरडले, “बाई, ओलं लुगडं टाकू नको! कनेक्शन चालू झालं तं शॉक बसन!” कनेक्शन बंद होऊन तेव्हा इतका काळ लोटला होता की त्या शेजारणीची सून कॉलेजात शिकवायला लागली होती.

त्या केबलच्या भरभराटीत मामांनी आपल्याच चॅनलवर आपलीच विनोदी मालिका काढली. गोष्ट साधी. पिठाची गिरणी, गावात लोडशेडिंग, आणि दळणाचे डबे घेऊन लाईटची वाट पाहत बसलेली माणसं. ती भांडतात, सोयरिकी जुळवतात, मोडतात, पण लाईट काही येत नाही. गिरणीवाल्याचं काम चाचांनी केलं. चाचा खरे शिंपी. मामांचा झब्बा शिवताना गिऱ्हाइकाला टोलवण्याची त्यांची तऱ्हा पाहून मामांनी त्यांना तिथल्या तिथे निवडलं. मामा स्वतः ‘पहिला नंबर माझा’ म्हणून भांडणारं गिऱ्हाईक झाले, त्यासाठी त्यांना वेगळा अभिनय करावा लागला नाही. गोष्ट लाईट नसल्याची, पण शूटिंगला लाईट लागायची, त्यामुळे खरी लाईट गेली की गिरणीवाला आणि गिऱ्हाईक दोघंही वीज मंडळाच्या नावाने एकत्र बोटं मोडत बसत. ‘सीझन’ हा शब्दही मामांनी टीव्हीवरून उचललेला नाही. खामगावात सीझन म्हणजे कापसाचा. उन्हाळ्यात जिनिंग बंद झाली की रिकाम्या गोदामात शूटिंग करायचं, आणि कापूस यायला लागला की बाहेर पडायचं. असे दोन उन्हाळे मिळाले, म्हणून दोन सीझन झाले.

पहिल्या सीझनच्या कॅसेटी लोखंडी कपाटात राहिल्या आणि वाचल्या. त्याची डीव्हीडी गेल्या वर्षी निघाली. दुसऱ्या सीझनच्या कॅसेटी मात्र मामांनी जास्त काळजी घेऊन ठेवल्या होत्या. म्हणजे ज्वारीच्या कोठीत, थरावर थर, मध्ये कडुलिंबाचा ओला पाला. “ज्वारी टिकते, तं कॅसेट काऊन टिकणार नाही?” असा त्यांचा सवाल होता. कोठी उघडली तेव्हा किडा एकाही कॅसेटला लागला नव्हता. बुरशी सगळ्यांना लागली होती. स्टुडिओवाल्या ताईंनी एक कॅसेट उजेडात धरली, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, “मामा, याची आता चटणी होईल, डीव्हीडी नाही.”

दुसरा कुणी असता तर तिथेच थांबला असता. मामांना मात्र आपली जुनी सवय आठवली. केबलबरोबर ते लग्नांचं शूटिंगही करत. लग्न आटोपून कॅसेटमध्ये जागा उरली, की कोरी टेप गिऱ्हाइकाला देणं त्यांच्या जिवावर येई. पाहुण्याला अर्धवट वाढून उठवल्यासारखं वाटतं, म्हणायचे. मग त्या उरलेल्या जागेत ते ‘गिरणी’चा एखादा भाग भरून देत. त्या काळात आमच्या भागातल्या कितीतरी लग्नांच्या कॅसेटींत पाठवणीला नवरी आईच्या गळ्यात पडून रडते, पडदा क्षणभर निळा होतो आणि लगेच चाचा डोळे वटारून सांगतात, “लाईट नाही! घरी जा!” एका घरातल्या मुलांचा तर मोठं होईपर्यंत समज होता की हे चाचा म्हणजे नवरीकडचे रागीट मामा. तेव्हा अख्खा दुसरा सीझन जिल्ह्यातल्या घराघरांत, लग्नांच्या शेपटाला, सुखरूप होता. कोणत्या लग्नाला कोणता भाग, हे मात्र मामांसकट कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग आमची भटकंती सुरू झाली. मी तालुक्यांप्रमाणे गावं लावली, एसटीच्या वेळा काढल्या आणि कुणाच्या घरी जेवणाच्या वेळेला पोचायचं नाही असा नियम केला. मामांनी तो पहिल्याच दिवशी मोडला. दारात उभं राहून ते एकच वाक्य म्हणत, “लग्न तुमचं, शेपूट आमचं!” म्हणजे लग्न आम्ही पेनड्राइव्हवर उतरवून फुकट देणार, शेवटचा भाग तेवढा आमच्याकडे ठेवणार. लोक आनंदाने माळे उपसायचे. नांदुऱ्याच्या एका आजींनी अट घातली की पेनड्राइव्हवर लग्न घ्या, पण व्याह्यांचं मानपानावरून झालेलं भांडण काढून टाका. त्यांचे यजमान आतून म्हणाले, “ते भांडणच तेवढं ठेवा, बाकीचं काढा.”

भाग मिळत गेले तशा नव्या अडचणी निघाल्या. गिरणीतल्या रेडिओवर मामांनी मनसोक्त सिनेमाची गाणी वाजवली होती. ताई म्हणाल्या, परवानगीशिवाय ती डीव्हीडीत ठेवता येणार नाहीत. “आपन कुठं वाजवली? रेडिओनं वाजवली!” मामा म्हणाले. ताई ऐकेनात. गाणं काढावं तर त्यासोबत चाचांचा आवाजही जायचा, कारण दोन्ही एकाच माइकवर घेतलेलं. शेवटी चाचांनी आपलेच संवाद नव्याने म्हटले. आता पडद्यावर काळ्याभोर मिशांचा गिरणीवाला ओठ हलवतो आणि आवाज येतो तो कवळी बसवलेल्या माणसाचा. चाचा स्वतःच म्हणाले, “तोंड पोराचं, आवाज आजोबाचा. लोकं म्हनतीन गिरणीत भूत शिरलं.” मग पडद्याखालून सरकणारी एका कापड दुकानाची जाहिरात होती. दोघा भावांचं ते दुकान पुढे वाटण्यांत मोडलं; आता दोघांचं म्हणणं होतं की जाहिरात ठेवा, पण दुसऱ्याचं नाव पुसा. मामांनी दोघांना पेढे दिले आणि कुणाचंच नाव पुसलं नाही.

मी एकदा विचारलं, “मामा, डीव्हीडी लावायचं यंत्र आता कुणाच्या घरी आहे? सरळ मोबाइलवर टाकून द्या ना.” मामा माझ्याकडे असे बघत राहिले की मी जणू घरातले देव भंगारात घालायला सांगितले होते. “मोबाइलवर पाह्यतेत आन बोटानं ढकलून देतेत. पेटीत असलं की घरात राह्यते, बाई.” कव्हरसुद्धा त्यांनी आधीच छापून घेतलं होतं. त्यावर ठळक अक्षरांत होतं: ‘संपूर्ण सीझन’.

या संपूर्णपणाचं खरं कारण चाचा होते. धामणगाव बढ्याला मामांची केबल कधी पोचलीच नाही, आणि संध्याकाळ म्हणजे चाचांची मशीनवर बसायची वेळ. त्यामुळे दुसरा सीझन त्यांनी केला, पण तेव्हा पाहिला नाही. त्याच्या शेवटच्या भागात अखेर लाईट येते. सगळे कंटाळून घरी गेलेले असतात, गिरणी सुरू होते आणि गिरणीवाला एकटाच तिच्यापुढे उभा राहतो. चाचा म्हणतात, आयुष्यात धड काम केलं ते तेवढंच. आता त्यांना काचबिंदू आहे. नळीतून पाहावं तेवढंच दिसतं, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही किती टिकेल सांगवत नाही. म्हणून मामांची घाई. स्वतः चाचा याबद्दल काही बोलत नाहीत. टीव्हीपुढे बसले की मान जराशी तिरपी करतात, एवढंच.

दिवाळीनंतरच्या त्या रविवारी नेमका तो शेवटचा भागच तेवढा मिळायचा राहिला होता. आणि त्याच आठवड्यात व्हीसीआरने एक कॅसेट खाल्ली होती. मलकापूरच्या एका लग्नाच्या अक्षता चाकांत गुंडाळून चुरगळल्या. त्या घरचे भले, हसून सोडून दिलं. मामांनी मशीन उघडलं, पुसलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. बैठकीत ताईंनी बातमी दिली की शोध लोणारच्या एका लग्नापाशी येऊन थांबतोय. ज्यांचं ते लग्न, त्या वहिनी फोनवर म्हणाल्या की कॅसेट आहे आणि तिच्या शेवटी गिरणी सुरू होते. चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. “चालू होते म्हनली? पक्कं?”

“पक्कं, बे,” मामा म्हणाले. “उद्या जाऊन राह्यलो मी.”

सोबत मी गेले. मेहकरला एसटी बदलली. वाटभर मामांनी वहिनींशी काय बोलायचं ते घोकलं. वहिनींचं बसस्टँडजवळ बांगड्यांचं छोटं दुकान आहे. त्यांचे यजमान गेल्या पावसाळ्यात गेले, हे आम्हाला तिथे गेल्यावर, भिंतीवरच्या फोटोच्या हारावरून कळलं. मामांचं घोकलेलं सगळं तिथेच राहिलं. ‘लग्न तुमचं’सुद्धा त्यांच्या तोंडून निघालं नाही. वहिनींनीच खणात गुंडाळलेली कॅसेट आणून त्यांच्या हातात ठेवली. मामांनी तिच्या छोट्या काचेतून टेप पाहिली. बुरशीचा ठिपका नव्हता.

“घेऊन जा, मामा. एवढ्या लांब आलात,” वहिनी म्हणाल्या. “एकच विचारते. फोटो पुष्कळ आहेत यांचे. पण आवाज यातच आहे, नाव घेतलं होतं ना तेव्हाचा. मशीनमध्ये अडकायची तर नाही?”

मामांना मी कितीतरी वर्षं ओळखते. ‘काही होत नाही’ हे त्यांचं आवडतं वाक्य. त्या वाक्यावर त्यांनी खांबावर चढून वायरी जोडल्या, उधारीवर कॅमेरे आणले, माझ्या जावेचं लग्न जमवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी कॅसेट पुन्हा खणात गुंडाळली आणि वहिनींच्या हातात दिली.

“अडकू शकते, पोरी,” ते म्हणाले. “मागल्या आठवड्यात एक खाल्ली मशीननं. मशीन नीट होऊ दे, मंग येतो.”

बसस्टँडवर उभ्या उभ्या त्यांनी चाचांना फोन लावला. मामा फोन स्पीकरवर टाकून ओरडूनच बोलतात, त्यामुळे अर्ध्या स्टँडने ऐकलं.

“भेटली का रे?” चाचांचा आवाज आला.

“भेटली. पन आनली नाही.” मग त्यांनी सगळं सांगितलं.

पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. “बरं केलं,” चाचा म्हणाले. “पहिले बाईचा मालक. माह्यं पाह्यनं नंतर.”

“तुह्ये डोळे थांबतीन काय, बे?”

“नाही थांबले तं ऐकीन. माह्याच तर तोंडचं हाय.”

“त्या भागात तू बोलतच नाहीस, येड्या! नुसता उभा राह्यतं!”

“हाव,” चाचा म्हणाले. “हे तं इसरलोच.”

तेव्हापासून मामा त्या मशीनच्या मागे लागले आहेत. जुन्या बाजारातून आणखी दोन बंद व्हीसीआर आणले आणि त्यांचे सुटे भाग काढून यात बसवले. दुरुस्ती झाली की तपासायला पहिली कॅसेट घालतात ती स्वतःच्या मुलीच्या लग्नाची. मामी जिन्यावरून म्हणाल्या, “एकुलत्या पोरीचं लगन चुरगळता काय?” मामांनी मान वर केली नाही. “चुरगळलं तं आपलं चुरगळन,” म्हणाले. आतापर्यंत हळद चुरगळली आहे आणि सीमांतपूजनाचा थोडा भाग. लेकीला हे अजून सांगितलेलं नाही. दर रविवारी चाचा येतात, मान तिरपी करून पडद्यापुढे बसतात आणि मामांच्या मुलीच्या मंगलाष्टका ऐकत चित्र हललं की सांगतात, “हललं.” मामा पाना घेऊन पुन्हा आत हात घालतात.

आता एक रबरी चाक बदलायचं आहे, ते अकोल्याहून यायचं आहे. ते बसलं की मुलीचं राहिलेलं लग्न पाठवणीपर्यंत एकदा न अडखळता चालवून पाहायचं. त्यानंतर लोणारला फोन. तो करायचं काम माझ्याकडे आहे, आणि ते अजून राहिलं आहे.